एल-सत्तरचं पांघरूण

२० जानेवारी २०२५, सोमवार

ऑर्डर मिळाली. साठ नग. एल-सत्तर तोफेची कॅनव्हासची कव्हरं.

सुमित्राबाईंनी सगळ्यांना पेढे वाटले आणि मग विचारलं, "अक्का, तोफेला कव्हर कशाला? ती काय फ्रिज आहे?" मी हसले, पण उत्तर मलाही नीट माहीत नव्हतं. आजवर आम्ही पिरियापट्टणच्या तंबाखूच्या लॉऱ्यांवर ताडपत्र्या घातल्या, लग्नांचे मांडव शिवले, एकदा सर्कशीच्या तंबूला ठिगळं लावली. तोफ मी फक्त दसऱ्याला पाहिली आहे, तीही लांबून, कानांवर हात ठेवून.

यांना जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हा दीर म्हणाले होते, बन्निमंटपातल्या त्या कारखान्याला सहा महिन्यांत कुलूप लागेल. चार मशिनं आणि चार बायका अजून चालू आहेत. दिरांना पेढे पाठवले नाहीत.

ही वही मी देवनागरीत लिहिते, कारण इथे कुणाला ती वाचता येत नाही. सुमित्राबाई आमच्यातल्याच, घरी मराठीच बोलतात, पण वाचतात कन्नड. मला आजोबांनी अभंगांच्या पोथीवरून अक्षरं शिकवली. त्या शिकवणुकीचा आज हा उपयोग, की मनात येईल त्याला बिनधास्त शिव्या लिहिता येतात.

२९ जानेवारी, बुधवार

आजच्या शिव्या जयतीर्थ यांना.

हे आमचे तपासणी अधिकारी. त्यांनी दिलेलं ड्रॉइंग १९८४ चं आहे, झेरॉक्सची झेरॉक्स. तोफेवर आता नवा कॅमेरा बसवलाय. त्याच्या डब्याची मापं वेगळ्या चिठ्ठीवर टाइप करून दिलीत, पण डबा कुठे आणि किती उंचीवर ते नाही. मी म्हटलं, तोफ एकदा बघू द्या. म्हणाले, नमुना पास झाल्यावर बघा. म्हटलं, तोफ बघितल्याशिवाय नमुना पास कसा होईल? "आगल्ला मॅडम," म्हणाले. होणार नाही. या माणसाच्या तोंडात हा एकच शब्द देवानं घालून पाठवलाय.

अंदाजानं शिवलेला पहिला नमुना टेबलांवर आणि स्टुलांवर चढवून पाहिला. मेलेला हत्ती दिसतो.

दुपारी गोदाचा फोन आला. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "अम्मा, त्याच तोफेवर अठ्ठावीस वर्षं काढलेला माणूस आमच्या कट्ट्यावर बसलाय, आणि तू ऑफिसच्या पाया कसली पडतेस?"

तो माणूस म्हणजे तिचे सासरे. मालोजीराव, निवृत्त सुभेदार, मुक्काम येलवाल. अकरा वर्षांत मी त्यांचा उंबरा ओलांडलेला नाही आणि त्यांनी माझा.

गोदाला म्हटलं, मरेन पण तिथे येणार नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

गेले.

का जात नव्हते ते एकदा लिहून ठेवते. गोदानं आणि शंभूरावांनी आपापलं जमवलं, तेव्हा मालोजीराव म्हणाले होते की आमच्या सात पिढ्या तलवार धरलेल्या, आता घरात सुई येणार. ते माझ्या कानावर आलं. मीही म्हटलं की तलवारवाल्यांची तुमान फाटली की सुईवाल्याकडेच येतात. ते त्यांच्या कानावर गेलं असणार. तरी लग्नाच्या दिवशी कल्याण मंटपात, वाजंत्री चालू असताना, दोनशे माणसांसमोर मी हात जोडून म्हटलं, "मालोजीराव, पोर तुमच्या पदरात घालते, सांभाळून घ्या." या गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मान वळवली आणि पंगतीकडे चालू लागले. माझे जोडलेले हात तसेच राहिले. दोनशे माणसांनी पाहिलं.

आज फाटकातून दोनदा हाक मारली, "येऊ का आत?" कट्ट्यावर पेपर वाचत होते. मान वर नाही. गोदानं बाहेर येऊन त्यांच्या खांद्याला हात लावला, तेव्हा मी जमिनीतून उगवल्यासारखं बघितलं. "या" नाही, "बसा" नाही. फक्त "हं".

ड्रॉइंग पसरलं. विचारलं, "चाकं झाकायची का?"

म्हणाले, "चहा नको मला."

त्यांच्याच घरात मी त्यांना चहा विचारीन का? असली टिंगल! गोदा मोठ्यानं म्हणाली, "चाकं, मामंजी! चाकं झाकायची का विचारतेय अम्मा."

"चाकं उघडी ठेवा. हलायची वेळ आली तर कापड गुंडाळेल त्यांत." मग ड्रॉइंग हातात घेऊन हसले. "काढणाऱ्यानं तोफ पाहिली नाही, शिवणारीनं पाहिली नाही. छान."

मी उठणार होते, पण ते बोलायला लागले. माझ्याशी नाही, अंगणाशी. "ही तोफ माझ्या भरतीच्या आधीची. ट्रकला जोडून ओढायची, खड्ड्यात बसवायची, मिनिटाला तीनशे गोळे. मग क्षेपणास्त्रं आली. साहेब म्हणायला लागले, म्हातारीला आता संग्रहालयात पाठवा. आणि आता आकाशातून काय येतंय? खेळण्याएवढी ड्रोन. थव्यानं. त्या खेळण्यांवर किती क्षेपणास्त्रं टाकणार? शेवटी म्हातारीलाच उठवलं. नवा डोळा बसवला. माझा पोरगा आज पंजाबात तिच्यावर हवालदार आहे."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पुढच्या वेळी कापड घेऊन या. कागद नको."

जणू मी त्यांच्या पलटणीतली शिपाई.

१६ फेब्रुवारी, रविवार

दुसरा नमुना टेम्पोत घालून नेला.

त्यांच्या अंगणात तोफ उभी होती. खाली बैलगाडीचा जुना सांगाडा, त्यावर उलटी बाज, बाजेतून तिरका वर गेलेला सुपारीचा सोट, सोटाच्या टोकाला तळ कापलेली बादली. डाव्या अंगाला टीव्हीचं खोकं, माझ्या चिठ्ठीवरच्या मापाचं, बरोबर छातीच्या उंचीवर बांधलेलं. दोन आठवडे खपून केलं असणार. गोदा म्हणाली, मामंजी कुणाला हात लावू देत नव्हते.

कव्हर घातलं. बसलं. खोक्यापाशी थोडं ताणत होतं, तिथे खडूनं खूण केली. मला जरा बरं वाटायला लागलं होतं.

तर म्हणाले, "आता काढा."

ड्रॉइंगप्रमाणे कव्हराच्या कडेला वीतभर अंतरावर आयलेटं, म्हणजे पितळी कडी ठोकलेली भोकं, आहेत आणि त्यांतून दोरी ओवून घट्ट आवळायची आहे. गोदा आणि मी दोन बाजूंनी सोडवायला लागलो. ते घड्याळ धरून उभे. दोरी मध्येच अडकली, माझं नख उचकटलं. शेवटी कव्हर उतरलं.

"एक मिनिट पन्नास सेकंद," म्हणाले. "मेलात."

"काय म्हणालात?"

"दोघी मेलात. ड्रोन आलं, टाकायचं ते टाकून गेलं. तुम्ही अजून गाठी सोडताय."

आणि ते कव्हर उचलून त्यांनी उकिरड्यावर फेकलं. दोन आठवड्यांचं काम. कोऱ्या कॅनव्हासवर शेण.

मी बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. शेवटचं एवढंच, की तोफा चालवल्या म्हणून कुणी माणूस होत नाही. पण ऐकायला होतं कोण? ते पाठ करून घरात गेले होते. मी बोलत असताना पाठ! परत येताना टेम्पोवाल्याला वास सहन होईना. खिडक्या उघडून आलो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

कव्हर तीनदा धुतलं. शेणाचा डाग तसाच आहे. येलवालला पुन्हा जाणार नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज तांदळाचं नवं पोतं फोडायचं होतं. सुमित्राबाईंनी तोंडाच्या शिवणीचं बरोबर टोक हुडकलं, ओढलं, आणि सर्रकन सगळं तोंड उघडलं. हे मी चाळीस वर्षं बघत आलेय. साखळी टाका. एका फासात दुसरा फास, दुसऱ्यात तिसरा. शेवटचा तेवढा अडकवलेला. तो सुटला की सगळे सुटतात.

मी तिथेच पोत्याजवळ बसले. सुमित्राबाईंना वाटलं चक्कर आली.

दोरी ओवायचीच कशाला? कव्हराच्या एका काठाला नायलॉन दोरीचे फास शिवायचे, दुसऱ्या काठाला आयलेटं. पहिला फास आयलेटातून बाहेर, दुसरा पहिल्यातून, असं शेवटपर्यंत. शेवटच्याला एक खुंटी. खुंटी ओढली की कव्हर खाली.

संध्याकाळपर्यंत एक बाजू करून पाहिली. सुमित्राबाई ओढत होत्या आणि हसत होत्या. मला हसू येत नव्हतं. मला त्या माणसाचा चेहरा बघायचा होता.

९ मार्च, रविवार

नऊ सेकंद.

त्यांनी स्वतः तीनदा ओढून पाहिलं. मग कव्हरावर बादलीभर पाणी ओतलं, दोरी फुगते का बघायला. अकरा सेकंद. मग फासांना चिखल फासला. बारा. मग घड्याळ माझ्या डोळ्यांसमोर धरलं आणि आत निघून गेले. "बरं आहे" नाही, "जमलं" नाही.

गोदा म्हणते, "अम्मा, मामंजी खूश झालेत."

"असं का? मग तोंडाला काय झालं?"

"सकाळी अंगणात सडा घालू नको म्हणाले मला. तुझ्या कव्हराला चिखल लागेल म्हणून."

आणि मग स्वतःच चिखल फासला. या माणसाचं मला काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही.

२४ मार्च, सोमवार

जयतीर्थ यांना नमुना दाखवला.

"हे फास ड्रॉइंगमध्ये नाहीत."

मी ओढून दाखवलं. घड्याळ लावा म्हटलं.

"मॅडम, मी वेळ तपासत नाही. मी ड्रॉइंग तपासतो. उद्या काही झालं तर खाली माझी सही असते, तुमची नाही."

"आणि तोफेखाली कोण असतं?"

त्यांनी चष्मा पुसला. "दोरी लावा. शुक्रवारी आणा."

घरी येऊन विचार केला. ड्रॉइंगमध्ये आयलेटं हवीत, ती आहेतच. दोरी हवी, देते. वर भोकांवरून लोंबणारी पावसाची झडप हवी, तीही देते. झडपेखाली काय असू नये, असं ड्रॉइंगमध्ये कुठेच लिहिलेलं नाही.

३० मार्च, रविवार

उगादी. नमुना पास झाला शुक्रवारी! जयतीर्थांनी झडप उचलली नाही. दोनदा तिच्यावरून हात फिरवला, मग सही केली.

गोदा कडुलिंब-गूळ घेऊन आली. जेवताना म्हणाली, "अम्मा, तुला एक सांगू? मामंजींना डाव्या कानानं अजिबात ऐकू येत नाही. उजव्यानं निम्मं. तोफेनं गेलंय. माझ्या लग्नाच्या आधीपासून. कुणाला सांगू देत नाहीत, पेन्शनीच्या वेळीही सांगितलं नाही त्यांनी."

मी म्हटलं, खोटं. कुकरची शिट्टी बरी ऐकू येते?

"तुझं त्या दिवशीचं बोलणं त्यांना ऐकूच गेलं नव्हतं गं, मंटपात. वाजंत्री त्यांच्या उजवीकडे होती. मी आता विचारलं तर म्हणाले, तुझ्या आईनं काही म्हटलं होतं?"

हे तिला अकरा वर्षांनी सुचलं. सासरी राहून मुली सासरच्याच होतात, दुसरं काय. मी तिला स्पष्ट सांगितलं, ज्याला ऐकायचं नसतं त्याला बरोबर ऐकू येत नाही. तिनं ताट अर्धं टाकलं. मला सबंध दुपार डोकं दुखत होतं. कडुलिंबानं असेल.

१६ एप्रिल, बुधवार

साठही तयार होते. आज तपासणीला जयतीर्थांबरोबर वरचे एक साहेब आले आणि त्यांनी पहिलीच झडप उचलली.

माल नापास. लेखी नोटीस. मंजूर ड्रॉइंगच्या बाहेरची जोडणी काढून १० मेच्या आत पुन्हा दाखवा, नाहीतर ऑर्डर रद्द आणि यादीतून नाव बाद. जयतीर्थ माझ्याकडे बघत नव्हते. मी त्यांच्याकडे बघत होते.

येलवालला कळवलं नाही. कळवून काय? म्हणतील, सुईवाले.

२६ एप्रिल, शनिवार

काश्मिरात फिरायला गेलेल्या माणसांना मारलं, त्याला चार दिवस झाले. कारखान्यात बायका मोबाइलवर तेच बघतात. शंभूरावांची रजा रद्द झाली. गोदा फोनवर फार कमी बोलते.

मी कच खाल्ली. खोटं कशाला लिहू? सकाळी सुमित्राबाईंना म्हटलं, उसवा. त्यांनी विचारलं, "सगळे?" म्हटलं, सगळे. नाव यादीतून गेलं तर चार मशिनं बंद, चार घरं बसली. मी तोफेवर नाही, मी कारखान्यात आहे.

एका कव्हराचे फास उसवायला तासाहून जास्त वेळ लागतो. दुहेरी शिवण मीच घालायला सांगितली होती.

७ मे, बुधवार

हल्ला सुरू झाला. सकाळपासून टीव्हीवर तेच. चाळीस कव्हरं उसवून झाली, वीस राहिलीत. कुणाचाच हात चालेना. शंभूरावांचा फोन लागत नाही.

८ मे, गुरुवार

दुपारी जयतीर्थांचा फोन. आवाज वेगळाच. "मॅडम, माल तयार आहे ना? आहे तसा द्या. उद्या संध्याकाळी सहाला ट्रक येईल. साठ."

"आहे तसा म्हणजे? दोरीचा की फासांचा?"

"कसाही. वरून ऑर्डर आहे."

"मग तुमचं ड्रॉइंग?"

त्यांनी फोन ठेवला. टीव्हीवर ड्रोन दाखवत होते. रात्रीच्या आकाशात लाल ठिपक्यांची रांग वर जाताना दिसत होती. बातमीवाला म्हणाला, या जुन्या एल-सत्तर तोफा. सुमित्राबाई म्हणाल्या, "अक्का, आपली हो!"

९ मे, शुक्रवार

सकाळी नऊला मालोजीराव दारात उभे. माझ्या दारात, अकरा वर्षांत पहिल्यांदा. गोदानं सांगितलं असणार की माल आज जातोय. नमस्कार नाही. सरळ गठ्ठ्याशी गेले, वरचं कव्हर ओढलं, झडप उचलली. खाली सुयांची भोकं, रांगेनं.

"फास कुठे आहेत?"

मी सांगितलं. नोटिशीचं, यादीचं. मोठ्यानं, एकेक शब्द तोडून सांगितलं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"भ्यालात," म्हणाले.

"हो, भ्याले. चार बायकांचं पोट आहे या मशिनांवर. तुम्हाला काय जातंय? तुमची पेन्शन येते."

"एका तोफेवर सहा पोरं असतात." त्यांचा आवाज चढला, सगळी मशिनं थांबली. "त्यांतलं एक माझं आहे! आणि तुमच्या लेकीचा नवरा आहे तो! दोन दिवस फोन नाही त्याचा. आणि तुम्ही इथे बसून उसवत होतात?"

मी घड्याळ पाहिलं.

"सहाला ट्रक येणार," मी म्हटलं. "नऊ तास आहेत. चाळीस कव्हरं. तुम्हाला ओरडायचंय की काम करायचंय?"

"कात्री द्या."

उसवलेले फास पोत्यात भरून ठेवले होते, निम्मे कापताना तुटलेले. तुटलेल्यांच्या जागी ते नवी दोरी मापानं कापत होते आणि टोकं मेणबत्तीवर धरून वितळवत होते, म्हणजे धागे सुटत नाहीत. हे मी त्यांना शिकवलं नव्हतं. त्यांची बोटं जाड, कात्रीच्या भोकात जाईनात, तर खिशातल्या चाकूनं कापायला लागले. त्या चौघी मशिनांवर, मी फास हातानं टाचून देत होते. जुन्याच भोकांतून शिवण जात होती, त्यामुळे भरभर झालं.

ते माझ्या उजव्या हाताला बसले होते आणि मी काही मागितलं तर भलतंच द्यायचे. वीतभर दोरी म्हटलं तर पाण्याचा तांब्या पुढे केला. शेवटी त्यांना उठवून माझ्या डाव्या बाजूला बसवलं. तिकडे उजेड बरा येतो. त्यानंतर मागितलेलं मिळत गेलं.

जेवण कुणी केलं नाही. तीनला ते म्हणाले, "ही शिवण वाकडी आहे." मी म्हटलं, तुमची दोरी वाकडी आहे. सुमित्राबाई आमच्याकडे बघेनात.

सहाला ट्रक. बरोबर जयतीर्थ. एकतीस झाली होती, नऊ राहिली. वीस आधीची. म्हणजे एक्कावन्न. ट्रकवाल्याच्या माणसांनी साठही चढवली.

मालोजीराव ट्रकच्या मागे जाऊन उभे राहिले. "ती नऊ उतरवा."

"साठ म्हणजे साठ," जयतीर्थ म्हणाले. "नऊ दोरीवर चालतील. ड्रॉइंगप्रमाणेच आहेत."

"कव्हर नसलं तरी तोफ उडते. बांधलेली उडत नाही."

"तुम्ही कोण?"

"मी कोण?" मालोजीराव पुढे सरकले. मला वाटलं, आता हा माणूस सरकारी अधिकाऱ्याच्या थोबाडीत देणार आणि माझा कारखाना सील होणार.

मग मीच ट्रकवर चढले. साडी खोचली आणि नऊही कव्हरं एकेक करून खाली ढकलली. एक जयतीर्थांच्या बुटांवर पडलं. पावतीवर मी ५१ लिहिलं आणि सही केली.

जयतीर्थ म्हणाले, "मॅडम, साठ नाहीत म्हणजे कराराचा भंग. पुन्हा कधी ऑर्डर मिळणार नाही."

"आगल्ला," मी म्हटलं. "साठ आगल्ला."

ट्रक गेला. मी मालोजीरावांना म्हटलं, पाणी घ्या. ते म्हणाले, बस चुकेल. गेले. त्यांच्या बोटांवर मेणबत्तीचे चटके होते. बर्फ मागितला असता तर दिला असता.

१० मे, शनिवार

संध्याकाळी युद्ध थांबल्याची बातमी. शंभूरावांचा फोन नाही. गोदाला मी पाच वेळा फोन केला. पाचव्या वेळी ती म्हणाली, "अम्मा, पुरे."

१२ मे, सोमवार

शंभूरावांचा फोन आला. सुखरूप आहेत.

आधी गोदाला केला, मग मला. मी कव्हरांचं विचारलं. ते हसले. "कसली कव्हरं, अत्तेबाई? चार दिवस तोफ उघडीच होती. जुनं कव्हर पहिल्याच भोंग्याला आम्ही चाकूनं फाडलं. गाठी सोडायला वेळ कुणाला? त्याच्या तुकड्यावर झोपत होतो आळीपाळीनं. तुमची अजून पोचली नाहीत."

पोचलीच नाहीत. चार महिने भांडले, शेण धुतलं, उसवलं, पुन्हा शिवलं, करार मोडला, आणि ती कुठल्याशा डेपोत बांधलेली पडून आहेत. फोन ठेवल्यावर मी रडले. ते सुखरूप म्हणून की कव्हरं पोचली नाहीत म्हणून, मला सांगता येणार नाही. सुमित्राबाईंनी विचारलं, तर म्हटलं, दोन्ही.

चाकूनं फाडलं, हे मात्र डोक्यातून जात नाही. म्हणजे तो म्हातारा खरं सांगत होता.

१८ जून, बुधवार

नऊ कव्हरं फास लावून गेल्या महिन्यात पाठवली. परत आली नाहीत. एक्कावन्न पोचली आणि तोफांवर चढली, पलटणीकडून चांगला शेरा आलाय, असं ऑफिसातून कळलं. यादीतून नावही गेलेलं नाही. उलट नवीन ऑर्डर आली, ऐंशी नगांची, आणि सोबत सुधारित ड्रॉइंग. कोरं, स्वच्छ, याच महिन्याच्या तारखेचं.

त्यावर फास आहेत. माझे फास. खाली लिहिलंय, 'सुधारणा: तपासणी विभागाच्या सूचनेवरून', आणि जयतीर्थांची सही. माझं नाव नको, मला नको आहे ते. पण पुढची ओळ वाचली आणि ड्रॉइंग टेबलावर आपटलं. 'अधिक सुरक्षिततेसाठी फासांवरून दोरी ओवून गाठ मारावी.'

म्हणजे फासही आणि त्यांच्यावरून गाठही. खुंटी ओढली तरी कव्हर जागच्या जागी.

अकराच्या बसनं येलवालला गेले. मालोजीराव अंगणात होते. ड्रॉइंग त्यांच्या हातात दिलं, त्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी ती दोनदा वाचली. मग जयतीर्थांना जी शिवी दिली ती मला मराठीत ठाऊकच नव्हती. पलटणीतली असावी. मी लक्षात ठेवलीय.

"उद्या ऑफिसात जायचं," म्हणाले.

"मी जाणारच आहे. तुम्ही यायची गरज नाही."

"तुम्हाला तोफेतलं काय कळतं?"

"तुम्हाला शिवणीतलं काय कळतं?"

गोदा आतून म्हणाली, "दोघंही जा ना!" आम्ही दोघांनी तिच्याकडे असं बघितलं की ती परत स्वयंपाकघरात गेली.

मग त्यांनी फर्मानं सोडायला सुरुवात केली. एक कव्हर घेऊन या. ओवायची दोरी विसरू नका. घड्याळ मी आणतो, तुमच्या घड्याळावर माझा विश्वास नाही. साहेबाला स्वतःला सोडवायला लावायचं, आपण हात लावायचा नाही. बोलायचं मी. मी म्हटलं, बोलणार मीच. तुम्ही ओरडता, आणि ओरडणाऱ्याला ते बाहेर काढतात. ते म्हणाले, तुम्ही कव्हरं ढकलता लोकांच्या बुटांवर.

ऑफिसच्या फाटकाशी साडेनऊ ठरलेत. निघताना मागून म्हणाले, "उशीर करू नका."

नऊलाच जाऊन उभी राहणार आहे.